ओहोटीपुरतं मैदान

भाट्याच्या पुळणीवर आमची मॅच
घड्याळावर नाही, तिथीवर ठरायची.
अष्टमीला पाणी फार मागं जात नसे,
तेव्हा पाच-पाच जण.
अवसेला अकरा.
गोलाचे खांब म्हणजे रोवलेली दोन वल्ही
आणि मधे मी,
कारण मला धावता येत नव्हतं.

याकूब आला पासष्ट साली.
आगबोटीतून मांडवीला पडावात उतरलेली
एक आई, तीन पोरं, पत्र्याची पेटी.
बाप राजिवड्याचाच, होडेकर, रंगूनच्या गोदीत मुकादम.
तिकडचं सरकार बदललं, दुकानं गेली,
एका रात्रीत नोटांचे कागद झाले.
परत निघालेला बाप मद्रासच्या छावणीतच राहिला,
तापानं, कायमचा.

शाळेच्या हजेरीत मास्तरांनी त्याच्या नावापुढं
कंसात लिहिलं : निर्वासित.
आम्हाला वाटलं, आडनावच ते.
"ए निर्वासित, बॉल टाक!"
तो टाकायचा.

बॉल वेताचा. विणलेला, पोकळ.
लाथ बसली की सूप पाखडल्यासारखा आवाज.
माझ्या तळव्यावर अजून एक पांढरी रेघ आहे,
ती त्या वेताची.

त्याच्या आईला मराठी तीन शब्द येत :
पाणी, किती, नको.
एकदा एकटीच चढून थिबाच्या राजवाड्यापर्यंत गेली,
फाटकातून बघून परतली.
काय म्हणाली रे?
"म्हणाली, छप्पर गळत असणार."

अठराव्या वर्षी वास्कोच्या एका क्लबानं नेला.
पगार तीनशे वीस, जेवण वेगळं, बूट क्लबाचे.
बुटात पाय घातल्यावर पहिला महिना
चेंडू ऐकूच येईना म्हणे.
आम्ही रात्रीच्या एसटीनं जायचो बघायला,
पायाशी त्याच्यासाठी सुक्या बोंबलांची पिशवी,
पुढच्या सीटवरची माणसं खिडक्या उघडायची.

सेंटर फॉरवर्ड. नऊ नंबर.
ऐंशी मिनिटं नुसता उभा,
खाजणात बगळा उभा असतो तसा,
शेवटच्या बॅकच्या खांद्याला खांदा लावून.
पेपरवाले आळशी लिहायचे.
आणि मग झेंडा वर जायच्या आत
चेंडू जाळीत, आणि हा परत फिरलेला.
कसं कळतं रे, पाऊल कधी टाकायचं?
"लाइनमनच्या तोंडाकडं बघायचं.
बघतोय हे त्याला कळू द्यायचं नाही."

क्लबाच्या वहीत एकशे नऊ गोल.
माझ्या हिशेबात एकशे अकरा.
ते दोन मी बघितलेत.

एकोणऐंशीला देशाच्या शिबिराचं पत्र आलं.
पासपोर्टाला जन्माचा दाखला हवा.
दाखला पेटीत होता,
वाळवीनं गावाचं नाव तेवढं ठेवलं होतं.
कलेक्टर कचेरीत सात खेपा.
आठव्या खेपेला कागद मिळाला
तोवर टीम परत आली होती, हरून.
त्या रविवारी मडगावला यानं चार मारले.
एकदाही हात वर केला नाही.

गुडघा गेला कोलकात्याच्या चिखलात.
त्या मोसमाचे अर्धे पैसे अजून यायचेत.

पुढं मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्यात
लाद्या मोजायची नोकरी.
ट्रॉलरवरची पोरं त्याला रंगूनकाका म्हणतात,
आणि क्रिकेटचा स्कोअर विचारतात.

परवाच्या अवसेला दोघं भाट्याला बसलो होतो.
इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं :
बंदरावर काय काय काढून घेतलं रे तुमचं?
"आईच्या बांगड्या. साबण लावून.
बापाचं घड्याळ.
चेंडूसुद्धा घेतलेला."
मग?
"तो खाकीतला माणूस टेबलामागून बाहेर आला.
चेंडू गुडघ्यावर घेतला. परत गुडघ्यावर. मग टाचेवर.
सोळा. मी मोजले.
मग मला पास दिला."

पाणी आमच्या चपलांपर्यंत आलं होतं.
बर्फानं सुजलेली बोटं तो लुंगीला पुसत राहिला.
"टाच काय सुरेख होती रे त्याची," म्हणाला.